जुने ते सोने? ‘पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर’चा रिमेक आणि मूळ खेळाचा हक्क

१/ २१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘पोकेमॉन सिल्व्हर’ हे दोन खेळ गेम बॉयसाठी विक्रीस आले. १२ सप्टेंबर २००९ रोजी तेच दोन खेळ ‘हार्टगोल्ड’ आणि ‘सोलसिल्व्हर’ या नावांनी निन्टेन्डो डीएसवर नव्याने अवतरले. रिमेक कसा असावा याचा वस्तुपाठ म्हणून या जोडीचे नाव आजही घेतले जाते. मात्र याच उदाहरणातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो: उत्तम रिमेक झाल्यावर मूळ खेळाचे काय होते? 🧵

२/ या थ्रेडचे म्हणणे थोडक्यात असे: रिमेक म्हणजे मूळ कृतीवर तिच्याच कर्त्यांनी लिहिलेले भाष्य. भाष्य कितीही सरस असले, तरी त्यामुळे संहिता कुलूपबंद करून ठेवण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. ‘गोल्ड-सिल्व्हर’चा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर रिमेकचे गुण आणि त्याने झाकले जाणारे पुरावे, दोन्ही स्पष्ट दिसतात.

३/ प्रथम पार्श्वभूमी. गेम बॉय १९८९ साली आला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा केवळ चार, कामासाठी स्मृती ८ किलोबाइट. या तुटपुंज्या यंत्रावर सातोशी ताजिरी आणि त्यांच्या ‘गेम फ्रीक’ या संस्थेने सुमारे सहा वर्षे खपून ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ तयार केले. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ते प्रसिद्ध झाले. लहानपणी कीटक गोळा करण्याचा ताजिरी यांचा छंद या खेळाच्या मुळाशी होता, हे सर्वश्रुत आहे.

४/ दुसऱ्या भागाची घोषणा लवकरच झाली. प्रत्यक्ष खेळ मात्र रखडत गेला. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डोच्या ‘स्पेस वर्ल्ड’ प्रदर्शनात त्याची एक नमुना आवृत्ती लोकांना खेळायला मिळाली. त्यानंतर दोन वर्षे काम चालले आणि जवळजवळ सगळा खेळ पालटला. एखाद्या ग्रंथाचा पहिला खर्डा आणि छापील प्रत यांत जितके अंतर असावे, तितके अंतर या दोन रूपांत पडले.

५/ हे अंतर जगाला कळले ते २०१८ साली, ती नमुना आवृत्ती महाजालावर फुटली तेव्हा. तिचा नकाशा साऱ्या जपानच्या आकाराचा होता आणि पहिल्या खेळातला कांतो प्रदेश त्यात एका लहानशा ठिकाणाएवढा आक्रसला होता. पुढे कधीच न वापरलेले अनेक जीवही तीत सापडले. म्हणजे खेळाच्या जडणघडणीचा सर्वांत मोलाचा पुरावा अधिकृत वाटेने आलाच नाही. तो वीस वर्षांनी मागच्या दाराने आला.

६/ १९९९ साली प्रत्यक्षात आलेला खेळ असा: जोहतो नावाचा नवा प्रदेश, जपानच्या कान्साई भागावर बेतलेला. त्यातले एक्रुटीक नगर पाहताच क्योटो आठवते, तर गोल्डनरॉडमध्ये ओसाकाचा गजबजाट आहे. शंभर नवे जीव, म्हणजे एकूण २५१. दिवस-रात्र आणि आठवड्याचे वार खऱ्या घड्याळाप्रमाणे चालणारे. जोहतोची मोहीम संपली की खेळाडू जुन्या कांतोत पोहोचे. तेथे आणखी आठ बॅज त्याची वाट पाहत असत.

७/ एका लहानशा कार्ट्रिजमध्ये दोन प्रदेश बसवले कसे? येथे सातोरू इवाता यांचे नाव येते. तेव्हा ते ‘हॅल लॅबोरेटरी’चे अध्यक्ष होते, निन्टेन्डोची धुरा त्यांच्याकडे २००२ साली आली. पोकेमॉनची चित्रे दाबून कमी जागेत मावतील अशी साधने त्यांनी तयार करून दिली. ‘अख्खा कांतो प्रदेश एकट्या इवातांच्या करामतीने बसला’ ही आख्यायिका त्यातूनच फोफावली. नोंदींचा आधार आहे तो चित्रांच्या संक्षेपाला. त्यापुढचा मजकूर भक्तांच्या कल्पनेची भर मानावा.

८/ इवातांची दुसरी कामगिरी अधिक थक्क करणारी आहे. ‘रेड-ग्रीन’मधील युद्धव्यवस्था ‘निन्टेन्डो ६४’ वरील ‘पोकेमॉन स्टेडियम’मध्ये न्यायची होती. तिचे कोणतेही लेखी विवरण उपलब्ध नव्हते. इवातांनी मूळ प्रोग्राम वाचला आणि सुमारे आठवडाभरात ती व्यवस्था नव्या यंत्रावर चालती केली. ती मुळात लिहिणारे शिगेकी मोरिमोतो यांनाही याचे आश्चर्य वाटले होते. पुढे हेच मोरिमोतो ‘हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर’चे दिग्दर्शक झाले.

९/ हा प्रसंग जगाला कळला तो रिमेकच्या निमित्ताने. २००९ साली इवातांनी स्वतः मोरिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मुलाखत घेतली, तीत दहा वर्षांपूर्वीच्या या आठवणी निघाल्या. रिमेकच्या बाजूने हा पहिला भक्कम मुद्दा होय. जुन्या कामाकडे परत वळताना कर्ते बोलू लागतात आणि एरवी विस्मरणात गेला असता असा इतिहास नोंदला जातो.

१०/ दुसरा मुद्दा यंत्रांच्या तुटलेल्या साखळीचा. ‘रेड’मधले जीव ‘गोल्ड’मध्ये नेता येत असत. २००२ साली गेम बॉय ॲडव्हान्सवर ‘रुबी-सफायर’ आले, तेव्हा जिवांच्या माहितीची रचनाच बदलली आणि जुन्या कार्ट्रिजमधून नव्यात काहीही आणण्याची सोय उरली नाही. जुने जीव नव्या पिढीच्या खेळांत आणायचे, तर जुना खेळच नव्या यंत्रासाठी पुन्हा करणे भाग होते.

११/ २९ जानेवारी २००४ रोजी आलेले ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ हे पहिले रिमेक ही गरज भागवणारे होते. आठवणींचा बाजार हे त्यांमागचे एक कारण खरे. परंतु तुटलेला पूल पुन्हा बांधणे हेही तितकेच खरे कारण होते. रिमेककडे निव्वळ धंद्याची क्लृप्ती म्हणून पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

१२/ आता ‘हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर’. मूळ खेळाची इंग्रजी आवृत्ती २ मेगाबाइटची होती, रिमेकचे कार्ट्रिज १२८ मेगाबाइटचे. चौसष्ट पट जागा हाती आल्यावर एखादा कर्ता काय करतो? मोरिमोतो आणि मंडळींनी केलेली निवड अभ्यासण्याजोगी आहे. १९९९ साली जागेअभावी जे गाळावे लागले असावे, ते त्यांनी आधी परत आणले.

१३/ मूळ ‘गोल्ड’मधील कांतो उजाड वाटे. व्हिरिडियनचे घनदाट अरण्य साध्या वाटेवर आले होते. सीफोम बेटांवरच्या गुहांच्या जागी एकच दालन होते. सेरुलियनची गुहा नाहीशी झाली होती. रिमेकमध्ये अरण्य परतले, गुहा परतल्या आणि सेरुलियनच्या गुहेत मेवटूही परतला. नव्या यंत्राने जुन्या हेतूला न्याय दिला, असे येथे निःसंकोच म्हणता येते.

१४/ तरीही एक जागा त्यांनी तशीच ठेवली. ‘रेड’मधले सिनाबार बेट ‘गोल्ड’मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने बेचिराख झालेले दिसते. जागा वाचवण्याचा तो उपाय असेलही. पण दहा वर्षांत ती राख त्या जगाच्या इतिहासाचा भाग झाली होती. रिमेकने बेट पुन्हा वसवले नाही. नाइलाजाने उरलेली पोकळी कोणती आणि कथेत मुरलेली कोणती, हा विवेक या संघाकडे होता.

१५/ अर्थाच्या पातळीवरचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. एक्रुटीक नगरातील मनोऱ्याचे जपानी नाव ‘सुझु’ या शब्दावरून आले. या उच्चाराचे जपानीत दोन अर्थ होतात: कथील आणि लहान घंटा. २००० सालच्या इंग्रजी आवृत्तीत तो ‘टिन टॉवर’ झाला; २०१० च्या इंग्रजी आवृत्तीत ‘बेल टॉवर’. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला याहून सुबक उदाहरण मिळणे कठीण.

१६/ येथेच प्रश्नाचे मूळ आहे. ज्याने केवळ रिमेक पाहिला, त्याला तो मनोरा दहा वर्षे ‘कथलाचा’ होता हे कळण्याचे कारणच नाही. दोन्ही प्रती हाताशी असतील तरच पाठभेद दिसतो. एकच प्रत उरली की पाठभेद संपतो आणि उरलेली प्रत हीच अनादी काळापासूनची प्रत असल्याचा भास होतो.

१७/ गाळलेल्या गोष्टींचेही तसेच. मूळ खेळात ‘गेम कॉर्नर’मध्ये नाणी टाकून खेळायची स्लॉट यंत्रे होती. जपानी रिमेकमध्ये ती राहिली. जपानबाहेरच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी ‘व्होल्टॉर्ब फ्लिप’ नावाचे कोडे आले. मुलांच्या खेळांतील जुगाराकडे पाहण्याची समाजाची दृष्टी त्या दशकात बदलली, हे या बदलातून कळते. बदल योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. बदल झाला हे समजण्यासाठी जुना खेळ समोर हवा.

१८/ दोषांचाही इतिहास असतो. ‘गोल्ड-सिल्व्हर’मध्ये जिवांची पेटी बदलताना सेव्ह होत असे आणि नेमक्या क्षणी यंत्र बंद केले, तर एकाच जिवाच्या दोन प्रती उरत. प्रोग्रामच्या दृष्टीने ही चूक होती. मुलांच्या दृष्टीने ते एक गुपित होते, एकमेकांकडून शिकण्याचे, थोडा धोका पत्करून करण्याचे. रिमेकमध्ये ही वाट बंद झाली आणि तिच्याबरोबर त्या काळच्या बालसंस्कृतीचा एक धागाही गेला.

१९/ रिमेकच्या समर्थकांचे म्हणणे ऐकले पाहिजे. मूळ खेळात धावता येत नाही, चालणे संथ आहे, पिशवीत वस्तू मोजक्याच मावतात, पेटी बदलायची तर दर वेळी सेव्ह करावे लागते. आजच्या बारा वर्षांच्या मुलाला तो हाती दिला तर तो अर्ध्या तासात कंटाळेल, असे ते म्हणतात. हे बहुधा खरेही आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की रिमेक हवा. मूळ खेळ नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

२०/ बखरींची भाषा आजच्या वाचकाला जड जाते, म्हणून सुलभ आवृत्त्या निघतात आणि त्या निघाल्याच पाहिजेत. मात्र सुलभ आवृत्ती छापून झाली म्हणून मूळ हस्तलिखित वाळवीच्या स्वाधीन करावे, असे कोणताही इतिहासप्रेमी म्हणणार नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत नेमके हेच घडते, आणि त्याचे कोणाला फारसे काही वाटत नाही.

२१/ येथे ‘वाळवी’ हा शब्द जवळजवळ शब्दशः लागू पडतो. ‘गोल्ड-सिल्व्हर’च्या कार्ट्रिजमध्ये गोल चपटी बॅटरी असते. सेव्ह तिच्याच जोरावर टिकतो आणि यंत्र बंद असतानाही चालणारे घड्याळ तीच चालवते. त्यामुळे ती ‘रेड’मधल्या बॅटरीपेक्षा लवकर संपते. संपली की शेकडो तासांचा खेळ पुसला जातो. ती डाख देऊन बसवलेली असते. साध्या पद्धतीने काढली तरी सेव्ह जातोच. १९९९ ची असंख्य कार्ट्रिजे अशीच मुकी झाली आहेत.

२२/ काही काळ यावर अधिकृत तोडगा होता. निन्टेन्डो थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानात २७ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘रेड’, ‘ब्लू’ आणि ‘यलो’ जवळजवळ मूळ रूपात आले. २२ सप्टेंबर २०१७ रोजी ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’. २०१८ साली आलेल्या ‘क्रिस्टल’ने तर एक जुनी उणीवही भरून काढली. सेलेबी मिळवण्याचा जो प्रसंग पूर्वी केवळ जपानमधल्या मोबाइल सेवेतून खुला होत असे, तो आता सर्वांना खेळता आला.

२३/ मूळ कृती जशीच्या तशी जपून, तिचा हरवलेला भाग परत मिळवून देणे: जतन असेच व्हायला हवे. पण २७ मार्च २०२३ रोजी ते दुकान नव्या खरेदीसाठी बंद झाले. ज्यांनी आधी विकत घेतले होते त्यांच्यापाशी ते खेळ राहिले. नंतर आलेल्यांना तो दरवाजा मिटलेला सापडला. दुकान बंद होणे आणि ग्रंथालय बंद होणे यांत येथे काही फरकच राहिला नाही, हीच खरी शोकांतिका.

२४/ हा प्रश्न एका खेळापुरता नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कोणत्याही अधिकृत मार्गाने मिळत नव्हते. गेम बॉयच्या खेळांची स्थिती सरासरीहूनही वाईट होती. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरवरून वापरू द्यावेत, ही मागणीही तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली नाकारली.

२५/ भारतात निन्टेन्डोची यंत्रे कधीच घरोघरी पोहोचली नाहीत. कार्टूनमुळे पोकेमॉन ओळखीचा झाला. खेळ मात्र पुष्कळांनी संगणकावर किंवा मोबाइलवर एम्युलेटरमधूनच पाहिला. कायद्याच्या चौकटीत त्याचे समर्थन करता येत नाही. तरीही अधिकृत वाट जेथे नाही तेथे आडवाट मळते, हा बाजाराचा जुनाच नियम आहे. वाट बांधण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची.

२६/ आणि रिमेक तरी चिरंजीव आहे काय? ‘हार्टगोल्ड’बरोबर ‘पोकेवॉकर’ नावाचे पावले मोजणारे छोटे यंत्र मिळे. ते कार्ट्रिजशी इन्फ्रारेडने बोलत असे. डीएसची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. ज्या रिमेकने जुन्याला नवे आयुष्य दिले, तोच आता जुन्यांच्या रांगेत उभा आहे. आज मूळ खेळाबाबत जी बेफिकिरी चालवून घेतली जाते, तीच उद्या त्याच्या वाट्याला येईल.

२७/ उपाय अशक्य नाही, आणि त्याचा नमुना ‘हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर’मध्येच आहे. कांतोत पोहोचल्यावर खेळाडूला ‘जीबी साउंड्स’ नावाची वस्तू मिळते. ती सुरू केली की सारे पार्श्वसंगीत गेम बॉयच्या जुन्या आवाजात वाजू लागते. रिमेकमध्ये नव्याने आलेल्या जागांनाही त्याच धाटणीचे सूर दिलेले आहेत. नवे ऐकावे की जुने, हे ठरवण्याचा हक्क कर्त्यांनी खेळाडूच्या हाती दिला.

२८/ हेच तत्त्व संपूर्ण खेळाला लावावे. जेव्हा रिमेक निघेल तेव्हा मूळ खेळ त्याच्यासोबत, त्याच यंत्रावर उपलब्ध असावा. २ मेगाबाइटच्या संहितेला १२८ मेगाबाइटच्या भाष्याशेजारी जागा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. मूळ खेळात काही बदलले असेल तर ते स्पष्ट सांगावे. आणि विक्री थांबल्यावर संग्रहालयांना व ग्रंथालयांना तो दाखवण्याची मुभा असावी.

२९/ धंद्याच्या दृष्टीनेही यात तोटा दिसत नाही. मूळ ‘गोल्ड-सिल्व्हर’ दोन कोटींहून अधिक विकले गेले. रिमेकनेही एक कोटीचा पल्ला ओलांडला. थ्रीडीएसच्या दुकानात मूळ खेळ आला तेव्हा रिमेक प्रसिद्ध होऊन आठ वर्षे लोटली होती, तरी लोकांनी तो आनंदाने घेतला. संहिता आणि भाष्य एकमेकांचे वाचक पळवत नाहीत. उलट एक वाचणारा दुसऱ्याकडे वळतो.

३०/ एक्रुटीक नगरात दोन मनोरे आहेत. खेळातील कथेप्रमाणे त्यांपैकी एक दीडशे वर्षांपूर्वी आगीत जळाला आणि त्यात मेलेल्या तीन जिवांना हो-ओह या पक्ष्याने पुन्हा प्राण दिले. २००९ साली मोरिमोतोंच्या संघाकडे तो मनोरा नवाकोरा उभारण्याइतकी जागा आणि साधने होती. त्यांनी तो जळकाच ठेवला, आणि खेळाडूला आजही त्याच्या तुटक्या फळ्यांवरून चालत आत जाता येते. मूळ खेळाच्या वाट्यालाही किमान एवढे यावे.

#इतिहास #मराठीथ्रेड #गेमिंगचाइतिहास